पेबॅक्स आणि झिफ-८ चं वायू गाळणारं मेम्ब्रेन: कणाभोवती फट पडू न देता कसं ओतायचं

बडोद्याजवळच्या कोयली, बाजवा, नंदेसरी या पट्ट्यात वायू वेगळे करण्याचं काम रात्रंदिवस चालतं. अमोनियासाठी बनवलेल्या वायूतून कार्बन डायऑक्साइड काढायचा, रिफायनरीच्या वायूतून हायड्रोजन परत मिळवायचा, प्रोपेन आणि प्रोपिलीन निराळे करायचे. शेवटच्या कामासाठी लागणारे टॉवर उंचच उंच असतात, कारण या दोघांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम साडेपाच अंशांचा फरक आहे. यातलं काही काम पातळ पडद्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, सोपवता आलं तर वाफ आणि वीज दोन्ही वाचतात. म्हणूनच कलाभवनात, म्हणजे म. स. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांपासून सावली गावच्या कारखान्यातल्या आर अँड डीवाल्यांपर्यंत बरेच जण कधी ना कधी मेम्ब्रेन ओतून बघतात, आणि पहिली पाच-सहा फुकट घालवतात.

पॉलिमरच्या साध्या पडद्याची अडचण जुनीच आहे. वायू भराभर जाऊ दिले तर निवड ढिली पडते आणि निवड कडक केली तर वेग मरतो. मेम्ब्रेनचे अभ्यासक रॉबसन यांनी १९९१ साली ही मर्यादा आलेखावर एका रेषेने दाखवली आणि २००८ साली ती रेषा थोडी वर सरकवली. त्या रेषेपलीकडे जाण्याचा एक मार्ग म्हणजे पॉलिमरमध्ये सच्छिद्र कण मिसळणं. पॉलिमरने लवचिकपणा द्यायचा आणि कणांनी चाळणीचं काम करायचं. कल्पना सोपी आहे. प्रत्यक्षात यश-अपयश ठरतं ते कण आणि पॉलिमर जिथे एकमेकांना चिकटतात त्या सीमेवर. तिथे काही नॅनोमीटरची फट राहिली की वायू चाळणीला वळसा घालून निघून जातो. खालची प्रत्येक पायरी ती फट टाळण्यासाठी आहे हे ध्यानात ठेवलं, तर कुठे घाई करायची नाही ते आपोआप कळतं.

काय घ्यायचं

पॉलिमर म्हणून पेबॅक्स १६५७ घ्या. त्यात वजनाने ६० टक्के पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि ४० टक्के नायलॉन-६ असतं. पहिला भाग मऊ असतो आणि त्याला कार्बन डायऑक्साइडची ओढ असते, तर नायलॉनचा भाग पडद्याला ताकद देतो. मऊ पॉलिमर कणाभोवती नीट लपेटतं, म्हणून शिकण्यासाठी हेच बरं. शिवाय ते इथेनॉल-पाण्यात विरघळतं, क्लोरोफॉर्मसारखे द्रावक हाताळावे लागत नाहीत.

फिलर, म्हणजे मिसळायचे सच्छिद्र कण, म्हणून झिफ-८. जस्त आणि २-मिथाइलइमिडॅझोल यांचं हे जाळीदार स्फटिक साध्या तापमानाला बाटलीत बनतं. आतली पोकळी १.१६ नॅनोमीटर आणि तिच्या दाराची रुंदी कागदावर ०.३४ नॅनोमीटर. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३, नायट्रोजन ०.३६४ आणि मिथेन ०.३८ नॅनोमीटरचा. हे आकडे पाहून वाटतं की कार्बन डायऑक्साइड आत जाईल आणि बाकीचे दाराशी अडतील. तसं होत नाही. झिफ-८ चं दार लवचिक आहे, नायट्रोजन आणि मिथेनही आत शिरतात. त्याची खरी धार दिसते ती प्रोपिलीन आणि प्रोपेनच्या बाबतीत. पेबॅक्समध्ये झिफ-८ घातल्यावर अपेक्षा इतकीच ठेवा: पारगम्यता (वायू किती सहज पार जातो) वाढेल आणि निवडकता (एक वायू दुसऱ्याच्या किती पट जास्त जातो) जवळपास तिथेच राहील. दोन्ही एकदम दुप्पट झाल्याचा आकडा आला तर आनंद मानण्याआधी मोजमाप पुन्हा तपासा.

एक बडोद्याची गोष्ट. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शुद्ध इथेनॉल संस्थेच्या परवान्यावरच मिळतं. विभागाच्या कोट्यात किती शिल्लक आहे ते काम सुरू करायच्या आधी विचारून घ्या. डिनेचर्ड स्पिरिटवर भागवू नका, त्यातली भेसळ पडद्यात उरते.

झिफ-८ बनवणं

जस्ताचं हेक्साहायड्रेट नायट्रेट १.४७ ग्रॅम घेऊन १०० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये २-मिथाइलइमिडॅझोल ३.२४ ग्रॅम आणि १०० मिली मिथेनॉल. दोन्ही द्रावणं काचेसारखी स्वच्छ झाली पाहिजेत. पहिल्या द्रावणात चुंबकी ढवळणी चालू ठेवून दुसरं एका दमात ओता. थेंब थेंब टाकलं तर सुरुवातीला जन्मलेले कण मोठे होत जातात आणि शेवटचे बारीक राहतात. काही मिनिटांत मिश्रण निळसर आणि मग दुधी होतं. एक तास ढवळा. या प्रमाणात, म्हणजे जस्ताच्या आठपट (वजनाने नव्हे, मोलने) लिगँड, म्हणजे २-मिथाइलइमिडॅझोल, घेतल्यावर, कण साधारण ५० नॅनोमीटरचे मिळतात. मिथेनॉल विषारी आहे, सगळं काम फ्यूम हूडमध्ये करा.

आता सेंट्रिफ्यूज: ८,००० ते १०,००० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं. वरचा द्रव ओतून टाका, ताजं मिथेनॉल घाला, साका पूर्ण विखुरेपर्यंत अल्ट्रासोनिक बाथमध्ये धरा आणि पुन्हा फिरवा. असं तीनदा, आणि त्यानंतर दोनदा इथेनॉलने. धुणं अर्धवट राहिलं तर छिद्रांत लिगँड अडकून राहतो आणि पुढे पारगम्यता का वाढली नाही याचं उत्तर सापडत नाही.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. साका ओव्हनमध्ये वाळवतात, खलबत्त्यात कुटतात आणि ती भुकटी वापरतात. पूर्ण वाळलेले ५० नॅनोमीटरचे कण एकमेकांना असे चिकटतात की नंतर अल्ट्रासाउंडनेही सुटत नाहीत. डोळ्यांना मैद्यासारखी मऊ दिसणारी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली खड्यांचा ढीग असते. म्हणून फिलर वाळवायचाच नाही. शेवटच्या धुण्यानंतर तो इथेनॉलमध्येच, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. तपासणीपुरता चिमूटभर वाळवा. क्ष-किरणांच्या तपासणीत (एक्सआरडी) सर्वांत उंच शिखर ७.३ अंशांजवळ आणि पुढची १०.४ आणि १२.७ जवळ दिसली की स्फटिक बरोबर आहे.

ओल्या फिलरचं वजन कसं करायचं? बाटली जोरात हलवा, लगेच पिपेटने २ मिली काढून आधी तोललेल्या कुपीत टाका, ११० अंशांवर वाळवा, पुन्हा तोला. असं तीन कुप्यांत करा. तिन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर बाटली नीट हलवलेली नाही. सरासरी २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या आसपास बसेल इतपत इथेनॉल कमी-जास्त करा. वर दिलेल्या प्रमाणातून सगळा जस्त वापरला गेला तर १.१ ग्रॅम झिफ-८ मिळेल, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास हाती लागतो. दहा-बारा पडद्यांना तेवढा पुरतो.

पेबॅक्सचं द्रावण

दाणे रात्रभर ७० अंशांवर वाळवा. ३ ग्रॅम दाण्यांना ६८ ग्रॅम इथेनॉल आणि २९ ग्रॅम पाणी, म्हणजे द्रावकात ७० आणि ३० असं वजनाचं प्रमाण. गोल बुडाच्या फ्लास्कवर कंडेन्सर लावून ८० अंशांवर तीन-चार तास ढवळा. उघड्या बीकरमध्ये हे करू नका. इथेनॉल आधी उडतं, पाण्याचं प्रमाण वाढतं आणि पॉलिमर धाग्यांसारखं बाहेर येतं. गार झाल्यावर बारीक स्टीलच्या जाळीतून गाळा. न विरघळलेल्या जेलचे काही ठिपके नेहमीच निघतात आणि पडद्यात गेले तर त्याच जागी भोक पडतं. द्रावण दोन दिवसांत संपवा. घट्ट द्रावण करायचा मोह टाळा. गार झाल्यावर ते थिजतं आणि बुडबुडे आत कैद होतात. जानेवारीच्या थंड सकाळी ३ टक्क्यांचं द्रावणही जड झालेलं दिसेल, ४० अंशांच्या पाण्यात ठेवलं की सुटतं.

हिशोब आणि मिसळणं

आतला व्यास ९ सेंटिमीटर असलेल्या बशीचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. त्यात सुमारे ६० मायक्रॉनचा पडदा हवा. १३.३ ग्रॅम द्रावण घेतलं की ०.४० ग्रॅम पेबॅक्स येतं. घनता १.१४ धरली तर ते ०.३५१ घन सेंटिमीटर. त्यात ४४ मिलिग्रॅम झिफ-८, घनता ०.९५ धरून ०.०४६ घन सेंटिमीटर. एकूण ०.३९७ घन सेंटिमीटर भागिले क्षेत्रफळ म्हणजे ६२ मायक्रॉन. फिलर वजनाने १० टक्के झाला, आकारमानाने मात्र ११.७ टक्के. ही दोन टक्केवारी निरनिराळी आहेत हे वहीत ठळक लिहा. काही जण फिलर भागिले पॉलिमर असा टक्का काढतात, काही फिलर भागिले एकूण. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना त्याने कुठला काढलाय ते आधी पाहा.

४४ मिलिग्रॅमसाठी इथेनॉलमधलं फिलरचं मिश्रण २.२ मिली लागेल. ते छोट्या कुपीत घेऊन बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा. अल्ट्रासाउंडचा प्रोब असेल तर बर्फाच्या पाण्यात कुपी धरून ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद असं दोन मिनिटं पुरे. प्रोब फार वेळ चालवला तर कणांचा आकार बदलतो आणि टोकाचा टायटॅनियमही झिजून मिश्रणात उतरतो.

पिठलं करताना बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं तर गाठी होतात आणि गाठ फोडली तर आत कोरडं पीठ निघतं. इथेही तसंच होतं. सगळं पॉलिमर द्रावण एका वेळी ओतलं तर कणांचे पुंजके बाहेरून पॉलिमरने लपेटले जातात आणि आत पोकळ राहतात. म्हणून आधी फक्त दीड ते दोन ग्रॅम पेबॅक्सचं द्रावण कुपीत घाला, तासभर ढवळा, पुन्हा दहा मिनिटं बाथमध्ये धरा. यामुळे प्रत्येक कणावर पॉलिमरचा पातळ थर बसतो आणि पुढे कण एकमेकांना चिकटण्याऐवजी पॉलिमरलाच धरतात. प्रयोगशाळेत याला प्रायमिंग म्हणतात. मग उरलेलं द्रावण तीन-चार हप्त्यांत घाला आणि रात्रभर, साधारण १२ तास, मंद ढवळा. मंद म्हणजे मध्ये भोवरा पडणार नाही इतकं. भोवरा हवा ओढून घेतो.

तुलनेसाठी फिलर नसलेला पडदाही त्याच दिवशी, त्याच द्रावणातून ओता आणि त्यातही २.२ मिली इथेनॉल घाला. हे विसरलं तर दोन्ही पडद्यांचा द्रावक वेगळा होतो, वाळण्याचा वेग वेगळा होतो आणि शेवटी दिसलेला फरक फिलरचा की इथेनॉलचा हे सांगता येत नाही.

ओतणं आणि वाळवणं

पेबॅक्स काचेला घट्ट चिकटतं, म्हणून टेफ्लॉनची बशी हवी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) लेथवर टेफ्लॉनच्या ठोकळ्यातून कातून मिळते. आतला व्यास ९ सेंटिमीटर, कड दीड सेंटिमीटर, तळ सपाट. हातात घेतल्यावर तळ उजेडात तिरका धरून बघा. लेथच्या हत्याराने काढलेल्या बारीक गोल रेघा दिसतील, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. पडदा त्या रेघांची हुबेहूब नक्कल उतरवतो आणि जाडी वलयावलयांनी कमी-जास्त होते. १,००० आणि मग २,००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली, गोल न फिरवता आडवं-उभं घासून रेघा घालवा.

बशी स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना समतल करा. मिश्रण शेवटचं दहा मिनिटं बाथमध्ये धरा, अर्धा तास न ढवळता ठेवून बुडबुडे वर येऊ द्या आणि बशीच्या कडेला लावून हळू ओता. सुमारे तीन मिलिमीटरचा थर होईल. उलटं काचेचं नरसाळं झाका म्हणजे वाफ फक्त नळीतून, सावकाश जाईल. ३० ते ४० अंशांवर २४ ते ४८ तास लागतात. हीटरची उघडी कॉइल असलेल्या बंद ओव्हनमध्ये मात्र ठेवू नका, इथेनॉलची वाफ पेट घेते.

सावकाश वाळवणं चांगलं, पण त्याची एक किंमत आहे. कण तळाशी बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५० नॅनोमीटरचा सुटा कण दोन दिवसांतही फारसा खाली जात नाही, पण तसलेच कण चिकटून ५ मायक्रॉनचा पुंजका झाला तर तो दहा हजार पट वेगाने खाली जातो. पडदा काढल्यावर दोन्ही बाजू बघा. वरची बाजू चकचकीत आणि खालची खडूसारखी असेल तर फिलर तळाला बसला आहे. अशा वेळी वाळवण्याचा वेग वाढवण्याआधी विखुरणं सुधारा, कारण दोष तिथला आहे.

पडदा कडेने चिमट्याने उचलून सोलून घ्या. सुटतच नसेल तर कडेला दोन थेंब पाणी सोडा, पेबॅक्स फुगतं आणि सैल होतं. नंतर व्हॅक्युम ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर ४८ तास ठेवा. पॉलिमरमधलं इथेनॉल लवकर जातं, झिफ-८ च्या पोकळीतलं मात्र अरुंद दारांतून रेंगाळत बाहेर येतं. सहा तासांच्या अंतराने तोला. वजन बदलायचं थांबलं की काम झालं.

बडोद्याची हवा हा या कामातला एक घटकच आहे असं समजा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना इथेनॉल इतकं भरभर उडतं की वर साय धरते, खालचा द्रावक अडकतो आणि पडद्यावर सुरकुत्या किंवा फोड येतात. तेव्हा रात्री ओता आणि नरसाळ्याच्या तोंडावर छिद्रं पाडलेली फॉइल लावा. पावसाळ्यात उलटं होतं. पेबॅक्स हवेतलं पाणी शोषतं, पडदा दोन दिवसांनीही चिकट राहतो आणि धुरकट दिसतो. तेव्हा सिलिका जेल ठेवलेल्या पेटीत किंवा कोरड्या नायट्रोजनच्या अगदी मंद झोतात वाळवा. एसीचा झोत थेट बशीवर येत असेल तर पृष्ठभागावर लाटा उमटतात. नवरात्र सरल्यापासून होळीपर्यंतचे महिने सर्वांत सोयीचे, संपूर्ण मालिका त्या काळात ओतता आली तर उत्तम.

मोजमाप

जाडी मायक्रोमीटरने किमान दहा ठिकाणी मोजा. पेबॅक्स मऊ असल्यामुळे चक्री आवळली की आकडा कमी येतो, म्हणून सपाट टोकाचा डिजिटल गेज बरा. दहा आकड्यांत ५ टक्क्यांहून जास्त पसारा असेल तर पडदा बाजूला ठेवा. जाडीतली चूक सरळ पारगम्यतेत उतरते.

पारगम्यतेचं एकक बॅरर. पडदा मोजणीच्या सेलमध्ये बसवताना खाली सिंटर केलेली धातूची चकती आणि तिच्यावर फिल्टर पेपर ठेवा, नाहीतर दाबाखाली पेबॅक्स चकतीच्या छिद्रांत रुततं. कडा अ‍ॅल्युमिनियम टेप आणि एपॉक्सीने बंद केल्या असतील तर एपॉक्सी आत किती सरकला ते पाहून उघडं क्षेत्रफळ पुन्हा मोजा. मग दोन्ही बाजूंनी रात्रभर व्हॅक्युम.

स्थिर आकारमानाच्या पद्धतीत वरून वायू दाबाखाली देऊन पडद्याखालच्या बंद टाकीतला दाब वाढण्याचा वेग मोजतात. हिशोब असा: खालच्या टाकीचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये, जाडी सेंटिमीटरमध्ये, दाब वाढण्याचा वेग सेकंदाला पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये आणि २७३.१५ या चारांचा गुणाकार करा. त्याला ७६, केल्व्हिनमधलं तापमान, चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ आणि पाऱ्याच्या सेंटिमीटरमधला वरचा दाब यांच्या गुणाकाराने भागा. उत्तराला १० च्या १० व्या घाताने गुणलं की बॅरर.

यात किती बारकं मोजायचंय ते एका उदाहरणावरून कळेल. टाकी ५० घन सेंटिमीटर, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, जाडी ६२ मायक्रॉन, तापमान ३५ अंश, वर २ बार निरपेक्ष दाब. कार्बन डायऑक्साइड १०० बॅरर असेल तर दाब मिनिटाला ३.३ मिलिबारने चढतो. नायट्रोजन २ बॅरर असेल तर मिनिटाला फक्त ०.०६६ मिलिबारने. सांध्यांतून तितकीच हवा गळत असेल तर नायट्रोजनचा आकडा दुप्पट दिसतो, कार्बन डायऑक्साइडमध्ये काहीच कळत नाही आणि निवडकता ५० वरून २५ वर येते. म्हणून पडदा बसवून, वर व्हॅक्युम ठेवून, खालची टाकी बंद करून तासभर गळती मोजा. ती नायट्रोजनच्या वेगाच्या दहाव्या भागाहून कमी हवी आणि तीही हिशोबातून वजा करायची. साबणाच्या बुडबुड्याचा फ्लोमीटर इथे चालत नाही. त्याच पडद्यातून १ मिली कार्बन डायऑक्साइड यायला सात मिनिटं लागतात, १ मिली नायट्रोजनला जवळजवळ सहा तास.

क्रम पाळा: नायट्रोजन, मग मिथेन, शेवटी कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड पॉलिमरला फुगवतो आणि त्याचा परिणाम पुढच्या वायूत दिसतो. फिलर असलेल्या पडद्याला स्थिर व्हायला जास्त वेळ द्या. पॉल आणि केम्प यांनी १९७३ साली सिलिकॉन रबरमध्ये झिओलाइट ५ए घालून हेच दाखवलं: कण आधी स्वतःची छिद्रं भरून घेतात, त्यामुळे वायू पलीकडे उशिरा निघतो, पण स्थिर झाल्यावरचा प्रवाह तितका बदलत नाही. आलेख सरळ रेषेत आल्यावर मोजा, सुरुवातीचा वाकडा भाग सोडून द्या. प्रत्येक प्रमाणाचे किमान तीन पडदे मोजा.

आकडे काय सांगतात

निव्वळ पेबॅक्स साधारण ७० ते १२० बॅरर आणि कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजन निवडकता ५० च्या आसपास देतं. तुमचा फिलर नसलेला पडदाच यात बसत नसेल तर पुढे जाऊ नका.

भरलेल्या पडद्याचा आकडा मॅक्सवेलच्या सूत्राच्या (कण मिसळलेल्या पदार्थातून किती जाईल याचा अंदाज देणाऱ्या) दोन टोकांशी ताडून बघा. फिलर वायूला अजिबात अडवत नाही असं धरलं तर पॉलिमरच्या पारगम्यतेला (१ + २ × आकारमान-अंश) ने गुणा आणि (१ − आकारमान-अंश) ने भागा. आपल्या ०.११७ अंशासाठी १०० चे १४० होतात. फिलर वायूला आत घेतच नाही असं धरलं तर १०० चे ८३ होतात. म्हणजे १० टक्के झिफ-८ असलेल्या निर्दोष पडद्याचा आकडा ८३ ते १४० च्या दरम्यान यायला हवा. सूत्र गोल, सुट्या आणि कमी प्रमाणातल्या कणांसाठी आहे, तरी निदान म्हणून फार उपयोगी पडतं.

१८० आले आणि निवडकता घसरली, तर कणाभोवती फटी आहेत. प्रायमिंगकडे परत जा आणि कण वाळले होते का ते आठवा. निवडकता ०.८ च्या जवळ आली, म्हणजे नायट्रोजनच जास्त जायला लागला, तर पडद्याला सरळ भोक आहे. रेणूंपेक्षा मोठ्या, पण तरीही अगदी बारीक भोकांतून वायू रेणुभाराच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात जातात आणि २८ भागिले ४४ चं वर्गमूळ ०.८ येतं. ८३ पेक्षाही खाली गेले आणि निवडकता किंचित वाढली, तर कणांलगतचं पॉलिमर आखडून कडक झालं आहे. १०० च्या खाली, ८३ च्या आसपास आले आणि निवडकता हललीच नाही, तर छिद्रं इथेनॉल किंवा लिगँडने तुंबलेली आहेत. पडदा पुन्हा व्हॅक्युममध्ये ठेवून मोजा. आकडा वर आला तर वाळवणं कमी पडलं होतं, नाही आला तर धुणं.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) पडदा कात्रीने कापू नका, कापताना पॉलिमर ओढलं जाऊन नसलेल्या फटी दिसू लागतात. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा.

प्रमाण ०, ५, १०, १५, २० टक्के असं वाढवत न्या. विसाच्या पुढे कण एकमेकांना भेटू लागतात, पडदा ठिसूळ होतो आणि सेलमध्ये आवळताना तडकतो.

पॉलिमर किंवा फिलर बदलायचं असेल तर

पॉलिसल्फोन किंवा मॅट्रिमिडसारखी काचेसारखी कडक पॉलिमर घेतली की फटींचा त्रास अनेक पटींनी वाढतो. द्रावक जाताना पॉलिमर आकसतं, पण त्याच्या साखळ्या हलू शकत नसल्यामुळे ते कणापासून सुटतं. तिथे हळू वाळवणं आणि काचसंक्रमण तापमानाजवळ (ज्याच्यावर कडक पॉलिमर मऊ होतं), पॉलिसल्फोनसाठी १८५ अंशांच्या आसपास, तापवून सावकाश गार करणं उपयोगी पडतं. झिओलाइट ४ए आणि १३एक्स यांना पाण्याची ओढ असते. त्यांना व्हॅक्युममध्ये ३०० अंशांवर तापवल्याशिवाय छिद्रं रिकामी होत नाहीत आणि पॉलिमरशी जुळवायला पृष्ठभागावर अमिनोसायलेन या जोडणाऱ्या रसायनाचा थर द्यावा लागतो. ओला वायू असेल तर एचकेयूएसटी-१ हे कॉपरचं जाळीदार स्फटिक टाळा, ओलाव्याने ते मोडतं. गंधकाच्या ऑक्साइडसह ओल्या धुरात झिफ-८ सुद्धा टिकत नाही, तिथे यूआयओ-६६ हे झर्कोनियमचं जाळीदार स्फटिक घ्या.

६० मायक्रॉनचा पडदा हा फक्त गुणधर्म मोजण्यासाठी आहे, त्यातून प्रवाह फारच कमी येतो. वापराचा पडदा सच्छिद्र आधारावर १ मायक्रॉनचा असतो. १०० बॅररचं मटेरियल त्या जाडीला १०० जीपीयू (पारगम्यता भागिले जाडी याचं एकक) देतं. आधाराच्या छिद्रांत द्रावण शिरू नये म्हणून आधी पीडीएमएसचा (सिलिकॉन रबरचा) पातळ थर द्या, तो पूर्ण घट्ट झाला की मग पेबॅक्सचा थर. इतक्या पातळ थरात १ मायक्रॉनचा एक पुंजका म्हणजे पूर्ण जाडी. म्हणून मिश्रण ओतण्याआधी १ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि फिल्टरवर किती फिलर अडकला ते तोला. एक दशांशाहून जास्त अडकला असेल तर ते मिश्रण आधारावर ओतू नका, पुन्हा बाथमध्ये न्या.